मोजणी

सकाळी साडेसातला तटरक्षकाच्या टेबलावर चिठ्ठी दिली:
प्रवासी एकोणीस, माणसं आमची तीन,
लाटा गुडघाभर.
क्रिसांतो तांडेलाने सही केली,
म्हणजे नेहमीची वाकडी मासोळी काढली.
माझं काम दोरी, नांगर, शिडी
आणि प्रत्येक बेटावरून निघताना मोजायचं.

जुन्या ट्रकचं इंजिन आधी खोकलं, मग लागलं.
दोन्ही उलांड्या निवळीच्या पायांसारख्या
पाण्यावर फाकल्या,
आणि पालावानचा किनारा मागे सरकू लागला,
काळे दातेरी कडे,
कुणी कापता कापता कंटाळून सुरी टाकून दिलेले.

पहिलं बेट: खडकात फट, आत हिरवं पाणी.
बुसानच्या दोघी बहिणी
हात धरून उताण्या तरंगत होत्या, गप्प.
एकोणीस.

दुसरं बेट फक्त ओहोटीलाच असतं.
तिथल्या वाळूत एका डच माणसाने आपलं नाव लिहिलं,
फोटो काढला,
आणि पायाने नाव पुसून टाकलं.
तेवढ्यापुरता तो मला आवडला.
एकोणीस.

तिसऱ्यावर जेवण.
नेनिताने करवंट्यांच्या निखाऱ्यावर हेकरू भाजले,
वर कलामांसी पिळली.
त्या बेटावर घरं अकरा,
पाहुण्यांना दिसतात तीन.
बाकीची माडांच्या मागे,
जिथे शाळा चौथीपर्यंत आहे
आणि बाई गुरुवारपर्यंत.

निघताना मोजलं. वीस.
बोट दाखवून पुन्हा मोजलं.
वीस.
शेवटच्या फळीवर
नारिंगी जॅकेट हनुवटीपर्यंत ओढून
एक मुलगी, दहा वर्षांची असेल,
मांडीवर पोतं, पोत्यात काहीतरी कुरकुरतंय.
माझ्याकडे तिने बघितलंच नाही.
पाहुणे असेच बसतात, समुद्राकडे तोंड करून.
रोज बघून बघून शिकली असणार.

तांडेलाला सांगितलं.
तो म्हणाला, "नीट मोज."
"नीटच मोजलं."
"मग चुकीचं मोज."

पुढे प्रवाळाची खिंड. पाणी फार उतरलेलं.
क्रिसांतो ही वाट झोपेत काढायचा,
पण गेल्या वादळापासून इथे त्याला झोप येत नाही.
मी नाळेवर बांबू घेऊन उभा,
इंजिन कुजबुजल्यासारखं.
तेवढ्यात मागून:
"डावीकडे घ्या. अजून. तिथे नवा दगड आलाय."
सगळ्या माना वळल्या.
ती उठली, पोतं न विचारता माझ्या हातात दिलं,
आणि नाळेवर जाऊन बोटाने पाणी दाखवत राहिली,
इथे, इथे, आता थोडं थांबा.
उजवीकडून दगड गेला, जांभळा, म्हशीएवढा,
उलांडीपासून हातभर.
पोत्यातून कोंबडीने माझ्या बोटाला चोच मारली.

लिगाया नाव तिचं.
आई गावात हॉटेलच्या चादरी धुते,
आणि फोनवर म्हणाली होती
की इथली अंडी पाण्यासारखी लागतात.

चौथ्या बेटाचं नाव आठवत नाही.
म्हणजे आठवतं,
पण त्या दिवशी ते नुसतंच होतं.

परतताना वारा उलटला,
पाहुण्यांनी टॉवेल डोक्यावरून घेतले,
नेनिता उरलेल्या कलिंगडाच्या फोडी वाटत फिरली,
वीस फोडी, तिने मोजल्या नाहीत.
धक्क्याच्या अलीकडे,
जिथे पाणी कमरेएवढं,
क्रिसांतोने इंजिन बंद केलं.
"पंख्यात गवत अडकलंय," म्हणाला.
गवत नव्हतं.
उलांडीवरून चालत, पोतं डोक्यावर घेऊन,
ती उतरली
आणि उभ्या होड्यांच्या मधून दिसेनाशी झाली.

अधिकाऱ्याने टॉर्च मारत मोजले.
एकोणीस. बरोबर. शिक्का.

रात्री गोड्या पाण्यात बुचकळून
वीस जॅकेटं दोरीवर टाकली.
एकाच्या पट्ट्यात तांबूस पीस होतं.
बोट मात्र दोन दिवस ठणकत राहिलं.